किती भाकरी आहेत, जाऊन पाहा : केडगाव, 1897

1896 सालच्या अखेरीस पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात पन्नासच्या आसपास मुली-बायका राहत होत्या. बहुतेक बालविधवा, बहुतेक ब्राह्मण घरांतल्या. सदनाचा खर्च अमेरिकेतल्या मदत मंडळाकडून यायचा. ही मदत दहा वर्षांच्या बोलीवर होती आणि ती मुदत 1898 मध्ये भरत आली होती. मुंबईत सप्टेंबरपासून प्लेगनं माणसं मरत होती, तो पुण्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला होता. आणि मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येत होत्या. गावं ओस पडताहेत, सरकारी अन्नछत्रांत माणसं मरताहेत, पोरक्या मुलींना कुणीही उचलून नेतंय.

संस्था चालवणाऱ्या कुणालाही विचारा, अशा वेळी काय करावं? आहे त्या पन्नास जणींना जपावं, खर्च आवळावा, प्लेग ओसरेपर्यंत दार लावून बसावं. यात भित्रेपणा नाही, जबाबदारीच आहे.

पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि या दुष्काळातून सुमारे 300 मुली-बायका त्यांनी आणल्या.

आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) महिला संघासाठी आणि तरुणांसाठी मी नेतृत्वाचा अभ्यासवर्ग घेते, तेव्हा सुरुवात हल्ली या प्रकरणानं करते. बायबलमधले नहेम्या, मोशे, पौल हे सगळे येतातच. पण केडगाव पुण्याहून दौंडच्या गाडीनं तास-दीड तासावर आहे. आपल्याच मातीत, आपल्याच भाषेत घडलेली गोष्ट आपण फक्त भिंतीवरच्या फोटोपुरती ठेवतो, याचं मला वाईट वाटतं. म्हणून इथे रमाबाईंचं सगळं चरित्र सांगत नाही. एकच निर्णय घेते. तो आला कुठून, निभावला कसा, अडला कुठे, आणि त्यानं खुद्द बाईंचं काय केलं.

बाजरीची भाकरी

वर्गात पहिला प्रश्न नेहमी हाच येतो, की त्यांना एवढं धाडस कुठून आलं? उत्तर वीसेक वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष त्यांनी पत्करला. घरदार सुटलं, तीर्थयात्रा आणि पुराण सांगणं हाच संसार झाला. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते संपलं. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर जंगली खजूर यांवर काढले, असं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. आधी वडील गेले. मुलीला जवळ घेऊन शेवटचं सांगितलं ते असं, की तू माझी धाकटी, सगळ्यात लाडकी. तुला मी देवाच्या हाती सोपवलंय, तू त्याचीच राहा आणि आयुष्यभर त्याचीच सेवा कर.

मग आई अंथरुणाला खिळली. तिला थोडी भाकरी मिळावी म्हणून सोळाच्या आसपास वय असलेली रमा शेजारच्या एका बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. मागायचं कसं, ते माहीत नव्हतं. पंडिताची लेक, श्लोक हजारो पाठ, पण "थोडं खायला द्या" हे शब्द तोंडातून निघेनात. डोळ्यांतलं पाणी तिनं महत्प्रयासानं अडवलं, तर ते नाकातून वाहायला लागलं. त्या बाईंनी चेहरा पाहूनच ओळखलं आणि आपणहून विचारलं. रमानं एवढंच म्हटलं, बाजरीची थोडी भाकरी हवी. ती घेऊन धावत घरी आली, पण आईला घास गिळवेना. थोड्याच काळात आई गेली, आणि पुढे थोरली बहीणही.

हा प्रसंग मी वर्गात सावकाश वाचते. एकदा मागच्या बाकावरून एक आजी हळूच म्हणाल्या, "बाई, न मागता ओळखलं त्या शेजारणीनं. तीच खरी पुढारी." त्या दिवशी मी ठरवलेलं टिपण बाजूला ठेवलं.

या अनुभवाबद्दल रमाबाईंनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. आम्हाला अंगमेहनतीचं एकही काम येत नव्हतं, आणि मागायची लाज वाटत होती. विद्वत्ता होती, तिनं चूल पेटली नाही. पुढे केडगावात जे जे उभं राहिलं, ते एकेक करून या दोन वाक्यांशी ताडून पाहा.

मधली तेरा वर्षं

1883 साली इंग्लंडात वॉन्टेज इथे त्यांनी लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. तोवर भाऊ गेला होता, नवरा बिपिनबिहारी मेधावी लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच कॉलऱ्यानं गेला होता. ज्या गोष्टीनं त्या ख्रिस्ताकडे ओढल्या गेल्या ती त्यांनी स्वच्छ सांगितली आहे. लंडनजवळ फुलम इथे वॉन्टेजच्या ख्रिस्ती भगिनी (नन) वाट चुकलेल्या, टाकलेल्या बायकांना मायेनं सांभाळत होत्या. असं कुणी करू शकतं हेच रमाबाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. का करता, असं विचारल्यावर भगिनींनी योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट काढून दिली. विहिरीवरची ती बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू.

पण बाप्तिस्मा झाला म्हणजे सगळं झालं, असं त्या म्हणत नाहीत. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता, ही त्यांचीच कबुली आहे. आठ वर्षं तशीच गेली. मंडळीत पुढारपण करणाऱ्या प्रत्येकानं ही कबुली जवळ ठेवावी. तोवर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं, अमेरिकाभर भाषणं दिली होती, 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं होतं, ते पुढे पुण्याला हलवलं. काम जोरात होतं. आत मात्र काहीतरी कोरडं राहिलं होतं, आणि ते त्यांनी झाकलं नाही.

अधिकारापुढे त्या कशा वागत, हेही याच वर्षांत दिसतं. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात होत्या तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर बिशप लोकांनी हरकत घेतली. ज्यांनी आश्रय दिला त्याच मंडळींचा हा दबाव होता. उपकार मान्य, पण सदसद्विवेक माझा मला दिलेला आहे, तो कुणाच्या हवाली करणार नाही, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. श्रद्धेत आल्यावर माणूस मवाळ, होयबा होतो असा एक समज आपल्याकडे आहे. रमाबाईंच्या बाबतीत उलटंच झालं.

मग 1893. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, कुणावर ख्रिस्ती धर्म लादला जाणार नाही, हा शब्द दिलेला होता. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळावर होती ती त्या भरवशावर. रमाबाई आपली सकाळची प्रार्थना आपल्या खोलीत करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. गावात बोभाटा झाला, 'केसरी'नं धारेवर धरलं, सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि पंचवीसेक मुली पालकांनी काढून नेल्या.

रमाबाईंवर माझी भक्ती आहे, तरी हे लिहिते. दार उघडं ठेवणं ही जबरदस्ती नव्हती, पण आईसारख्या बाईच्या उघड्या दाराची ओढ अनाथ पोरीवर किती असते, हे त्यांना कळत नव्हतं असंही नाही. दोन्ही बाजूंचं म्हणणं समजण्यासारखं होतं. सदनाच्या घडणीतच गाठ होती. चालवणारी बाई नखशिखांत ख्रिस्ती आणि घर मात्र तटस्थ, हा करार फार काळ टिकणारा नव्हता. 1897 मध्ये केडगावात त्यांनी ती गाठ सोडवली. तिथलं मुक्ती सदन हे पहिल्यापासून उघड ख्रिस्ती घर होतं. येणाऱ्याला, देणाऱ्याला, विरोध करणाऱ्याला, सगळ्यांना ते ठाऊक होतं.

आणि 1893 च्या पडझडीत एक गोष्ट वाहून गेली नाही. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली होती. ती ख्रिस्ती झाली नाही. 1896 मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी पुण्यात आश्रम काढला, त्या घराला हातभार लावणारी बाई शारदा सदनात शिकली होती.

दोनशे पंचवीस

दुष्काळाच्या बातम्या यायच्या आधी रमाबाई लोणावळ्याच्या प्रार्थनामेळ्याला गेल्या होत्या. पहाटे उठून झाडीत गेल्या, सूर्य वर येताना पाहत बसल्या. त्या वेळी सदनातल्या पंधरा मुली विश्वासात आल्या होत्या. त्यांच्यासाठी आभार मानताना मनात आलं, की या पंधरांच्या पंधरा पट करून दे, दोनशे पंचवीस दे. लगेच मन म्हणालं, काहीतरीच. सदनात सगळ्या मिळून पन्नास. तेव्हा यिर्मयाचं वचन आठवलं, मी सर्व मानवजातीचा देव परमेश्वर आहे, मला अवघड असं काही आहे काय?

ही गोष्ट ऐकली की आमच्या तरुणांचे डोळे चमकतात. तिथे मी त्यांना जरा थांबवते. कारण हीच गोष्ट अर्धी सांगितली तर घातक आहे. "विश्वासानं पाऊल टाकलं" एवढंच ऐकून कर्ज काढून सभागृहं बांधणारे आणि मग मंडळीच्या गळ्याशी आणणारे पाळक मी पाहिले आहेत.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. जॉर्ज म्युलर, हडसन टेलर यांसारख्या केवळ देवाच्या भरवशावर काम करणाऱ्यांची चरित्रं रमाबाईंनी वाचली होती आणि त्यांचा ठसा मनावर होता. पण त्याच बाईंनी अमेरिकेची मदत संपणार हे ओळखून आधीच केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. विहीर खणली होती, फळझाडं लावली होती. उद्या परदेशातून एक पैसाही आला नाही तरी बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, हा हिशेब होता. पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट मार्कानं आपल्या शुभवर्तमानात सांगितली आहे, तिच्यात येशू शिष्यांना आधी म्हणतो, तुम्हीच त्यांना खायला द्या. पुढचा प्रश्न मात्र अगदी घरातल्या बाईसारखा आहे. तुमच्याजवळ किती भाकरी आहेत? जाऊन पाहा. रमाबाईंनी जाऊन पाहिलं होतं. एक बाग होती, एक विहीर होती, आणि सदनात शिकून तयार झालेल्या काही जणी होत्या.

जाणं

रमाबाईंना स्वतः जायची गरज नव्हती. पैसे पाठवता आले असते, तिथल्या मिशनऱ्यांना पत्र लिहिता आलं असतं. त्या गेल्या, कारण भुकेली मुलगी मागत नाही, हे त्यांना माहीत होतं. तिच्या दारात कुणीतरी जावं लागतं, चेहरा बघून ओळखावं लागतं.

मध्य प्रांतात त्यांनी सरकारी अन्नछत्रं आणि गरीबखाने पाहिले. हाडांवर कातडं राहिलेली माणसं, अंगावर फोड, निकृष्ट अन्न, आणि देखरेखीच्या नावाखाली चाललेली अरेरावी. सर्वांत भयंकर होतं ते तरण्या मुलींभोवती घिरट्या घालणाऱ्यांचं. भुकेल्या पोरीला घासाचं आमिष दाखवून नेणारे पुरुष आणि बायका दोन्ही होते. निर्णयाची घाई तिथून आली. दुष्काळ आज ना उद्या सरला असता, पण बाजारात गेलेली मुलगी परत आली नसती.

निवडताना जात पाहिली नाही. हे वाक्य वाचताना आज काही वाटत नाही, पण 1897 च्या पुण्यात ब्राह्मण विधवांसाठी काढलेल्या घरात सगळ्या जातींच्या मुली एका पंक्तीला आणून बसवणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. रमाबाईंनी पुस्तक लिहिलं होतं उच्चवर्णीय स्त्रीच्या दुःखावर, अमेरिकेत पैसा मिळवला होता तिच्याच नावानं. दुष्काळानं त्यांच्या कामाची ती चौकट मोडली, आणि त्यांनी ती मोडू दिली. आपण ज्या कामासाठी ओळखले जातो ते काम हातून निसटून मोठं व्हायला लागतं, तेव्हा त्याला पुन्हा आपल्या मापात कोंबायचा मोह फार होतो. माझ्या पाहण्यात बहुतेक जण तिथेच अडतात.

बंदी

मुली पुण्यात आल्या आणि तेवढ्यात प्लेगही आला. शहरात नव्या माणसांची गर्दी नको म्हणून अधिकाऱ्यांनी हुकूम काढला, सदनात आणखी कुणाला ठेवायचं नाही. म्हणजे मध्य प्रांतातून आणलेल्या, अजून नीट उभ्याही राहू न शकणाऱ्या मुलींना पुण्यात जागा नाही.

मग त्या सगळ्यांना केडगावला हलवलं. तिथे बाग होती, घर नव्हतं. तंबू ठोकले, कामचलाऊ छपरं घातली. पावसाळ्यात काय हाल झाले असतील ते दौंड भागात ज्यांनी उघड्यावर एक रात्र काढली आहे त्यांना सांगायला नको. शारदा सदनाची जोडशेती म्हणून घेतलेली जागा अशी एका हुकुमामुळे मुक्ती सदन झाली. त्यांचा मूळ बेत हा नव्हता. बायबलच्या भाषेत सांगायचं तर दार बंद झालं आणि वाट दुसरीकडून निघाली. मात्र त्या वाटेवर विहीर आधीच खणलेली होती.

त्याच उन्हाळ्यात, मे 1897 मध्ये, त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळातला कारभार आणि तिथे नेलेल्या आपल्या एका मुलीची झालेली परवड उघड केली. मुंबई सरकारनं आरोप फेटाळून लावले. ज्या सरकारच्या परवानगीवर आपल्या तीनशे मुलींचा निवारा अवलंबून, त्याच सरकारविरुद्ध एका मुलीसाठी जाहीर पत्र. याला धोरणीपणा म्हणायचा की नाही, यावर आमच्या वर्गात दर वेळी वाद होतो. व्यवसायानं शिक्षिका असलेली एक जण म्हणाली होती, "नव्याण्णव मेंढरं रानात सोडून एकाच्या मागे जाणं धोरणात बसतच नाही." मी तिच्या बाजूची आहे.

पन्नास पन्नासाच्या पंक्ती

आता ज्या भागाकडे सहसा कुणी पाहत नाही त्याकडे येते. मुली आणल्या, पुढे काय?

मार्काच्या त्याच अध्यायात येशू भाकरी मोडायच्या आधी लोकांना हिरव्या गवतावर पंक्तीपंक्तीनं बसवतो, शंभर शंभर आणि पन्नास पन्नास. पाच हजारांच्या गर्दीत धक्काबुक्की होऊन म्हातारी माणसं आणि लेकरं उपाशी राहिली असती. पंक्ती बसवणं हे चमत्काराचंच अंग होतं.

केडगावात आलेल्या मुली शांत, कृतज्ञ, डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्या नव्हत्या. भुकेनं माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं होतं. चोरून खाणं, भांडणं, कुणावरच विश्वास नसणं, अंगाला खरूज आणि फोड. त्यांना धुणं, औषध लावणं, हळूहळू अन्नाची सवय लावणं हे काम शारदा सदनातल्या जुन्या मुलींनी केलं. एकेकीकडे काही जणी सोपवल्या गेल्या. काल स्वतः घरच्यांनी टाकलेली बालविधवा आज दुसऱ्या कुणाची आई झाली. त्यातल्या कित्येक ब्राह्मण घरांतल्या होत्या, आणि ज्यांची त्या खरूज धूत होत्या त्यांची सावलीही माहेरी चालली नसती.

रमाबाईंचं नेतृत्व मला इथे सर्वांत उंच वाटतं. तीनशे जणींची आई त्या एकट्या झाल्या असत्या तर सहा महिन्यांत कोसळल्या असत्या, आणि संस्थाही. बायबलमध्ये मोशेचा सासरा इथ्रो त्याला म्हणाला होता, हे काम तुला एकट्याला झेपायचं नाही, तू थकशील आणि लोकही थकतील. आपल्या मंडळ्यांत मोशे पुष्कळ आहेत, इथ्रोचं ऐकणारे कमी.

आणि प्रत्येकीला हातकाम. विणकाम, शिवण, शेती, दूधदुभतं, स्वयंपाक, तेल गाळणं, पुढे छापखान्यात खिळे जुळवणं. लिहिणं-वाचणं सगळ्यांना, पण नुसतं लिहिणं-वाचणं कुणालाच नाही. पंडिताच्या घरात कुणाला अंगमेहनतीचं काम येत नव्हतं आणि त्या घरातली माणसं उपाशी मेली. त्या पंडिताच्या मुलीनं हा नियम घातला. याला व्यवसाय शिक्षण वगैरे नाव देता येईल, पण मला त्यामागे आई गेली तो दिवस दिसतो. ख्रिस्ती भाषेत आपण जखमा बऱ्या होण्याविषयी पुष्कळ बोलतो. रमाबाईंची जखम बरी कशी झाली याचा हा पुरावा आहे. ती विसरली गेली नाही, तिचं वेळापत्रक झालं. सकाळी अमुक वाजता माग, अमुक वाजता वर्ग.

एक अवघड प्रश्न

भुकेल्या मुलींना अन्न देऊन ख्रिस्ती केलं, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. ख्रिस्ती वर्गात तो टाळून पुढे जाणं मला अप्रामाणिक वाटतं.

रमाबाईंच्या बाजूनं सांगण्यासारखं पुष्कळ आहे. दुसरं कुणी घ्यायला आलं असतं तर ते बहुतेक त्या बाजारातलं असतं. मुक्तीत कुणाला अंधारात ठेवलं नव्हतं. आणि ज्या श्रद्धेनं त्यांना तिथवर नेलं ती बाजूला ठेवून त्यांनी जेवू घालावं ही अपेक्षा त्यांच्या दृष्टीनं निरर्थक होती. तरीही अन्न देणाऱ्या हाताचं वजन भुकेल्या मनावर पडतं, हे खरंच आहे. घेणारी नाही म्हणू शकत नाही तेव्हा तिचं हो म्हणणं किती तिचं, हा प्रश्न उरतो. सेवेच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की हा प्रश्न विरोधकाचा म्हणून झटकू नका, तो रोज स्वतःला विचारायचा आहे. येशूनं पाच हजारांना जेवू घातलं आणि त्यातले बहुतेक दुसऱ्या दिवशी निघून गेले. त्यानं भाकरी परत मागितल्या नाहीत.

बाई निघून जातात

1898 च्या सुरुवातीला, केडगावचं काम जेमतेम वर्षाचं असताना, रमाबाई अमेरिकेला गेल्या. दहा वर्षांचा हिशेब द्यायचा होता, पुढच्या मदतीचं बोलायचं होतं. मुक्तीची जबाबदारी नुकत्याच आलेल्या मिनी अब्रॅम्स यांच्यावर आणि पुण्याच्या सदनाची सुंदराबाई पवारांवर टाकली. माझ्या गैरहजेरीत सगळं विसकटेल, हे वाक्य पुढाऱ्यांच्या तोंडी किती गोड लागतं! रमाबाईंना ते म्हणायला पुरेसं कारण होतं, तरी त्या गेल्या. अमेरिकेत जुनं मंडळ बरखास्त होऊन नवं बनलं, आणि त्या परतल्यावर सप्टेंबर 1898 मध्ये मुक्तीच्या इमारतीचं समर्पण झालं.

पुढच्या वर्षांत टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. फुलमला पाहिलेलं ते घर पंधराएक वर्षांनी केडगावात उतरलं. आंधळ्या मुलींसाठी मनोरमेनं ब्रेल शिकून वर्ग सुरू केले. आणि या मुलींना वाचायला दिलेलं बायबल समजत नाही, त्यातली मराठी संस्कृतच्या ओझ्यानं वाकलेली आहे, हे लक्षात आल्यावर रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला संस्कृतसाठी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, ती बाई उरलेलं आयुष्य संस्कृत शब्द वगळून खेड्यातल्या बाईला कळेल असं मराठी बायबल लिहिण्यात घालवते. छापलं मुक्तीच्याच बायकांनी. व्यक्तिमत्त्व विकास हा शब्द मी क्वचित वापरते, पण वापरायचाच झाला तर मला हे दिसतं. जे सर्वांत आपलं होतं, ज्याच्यावर नाव मिळालं होतं, तेच दुसरीच्या गरजेपुढे खाली ठेवलं.

किंमतही मोजावी लागली. ज्या मनोरमेला पुढची सूत्रं द्यायची म्हणून तयार केलं ती 24 जुलै 1921 ला गेली, आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई. त्यानंतर मुक्तीची धुरा बराच काळ परदेशी मिशनरी बायकांकडे राहिली. इतक्या जणींना उभं करणाऱ्या बाईला आपल्या जागी आपल्यातलीच एक उभी करून जाता आलं नाही, ही या प्रकरणातली दुखरी बाजू आहे. तिचा दोष त्यांच्यावर ठेवायला माझं मन धजत नाही, पण मुलगी सोडून दुसरं नाव डोळ्यांसमोर का नव्हतं, हे विचारावंसं वाटतं.

मात्र त्याआधीचं 1900 साल आठवते. गुजरातेत दुष्काळ पडला. या वेळी रमाबाई केडगावातच राहिल्या आणि मुक्तीतल्या बायकांना पाठवलं. त्या गेल्या, गावोगाव फिरल्या, आणि मुलींना घेऊन आल्या. मुक्तीची संख्या त्या वर्षी दीड हजाराच्या वर गेली. ज्या तंबूत तीन वर्षांपूर्वी काही जणींना धुऊन, पुसून, घास भरवून माणसांत आणलं होतं, त्याच आवारात आता त्या मुली नव्या आलेल्यांचे केस विंचरत बसल्या होत्या.